उरले ते आबा

१

न्हावरे गावच्या महेंद्र ओव्हाळला रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला चौदा वर्षं झाली होती. दिवसभर हातात गेज घेऊन तो एकाच साच्यातून निघालेले पीस तपासायचा आणि केसभर फरक निघाला तरी पीस बाजूला काढायचा. महेंद्रची नजर चुकत नाही, असं त्याचा सुपरवायझर चार लोकांत सांगायचा. घरात मात्र ही नजर तो फारशी वापरत नसे. बाप-लेकात बोलणं होई ते एवढंच: जेवलास का, मोटार चालू केली का, लाईट कवा येणार.

त्यामुळे अडुसष्ट वर्षांच्या आबांनी, म्हणजे पोपटराव ओव्हाळांनी, श्रामणेर शिबिराला जायचं काढलं तेव्हा महेंद्रला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. दहा दिवस डोक्याचं मुंडन करून, चीवर नेसून भिक्खूसारखं राहायचं आणि अकराव्या दिवशी परत घरी यायचं. यंदा पाबळच्या पलीकडे डोंगरावरच्या विहारात फक्त म्हाताऱ्या माणसांचं शिबिर होतं. आबांच्या मनात ते कैक वर्षं घोळत होतं.

आई, ताईबाई, तेवढी राजी नव्हती. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात दोन रात्रींच्या वर ती आबांना सोडून राहिली नव्हती. मोटरसायकल सुरू झाल्यावर ती दारात येऊन एवढंच म्हणाली, "म्हेंद्रा, धा दिवस म्हंजी धाच. अकराव्या दिवशी दुपारच्या भाकरीला मला माझा माणूस घरात पायजे."

"आगं, मी काय लढाईला चाललो व्हय?" आबा हसले. महेंद्रनं क्लच सोडला.

विहार डोंगराच्या पाठीवर एकटाच होता. पत्र्याचं लांबोडकं सभागृह, आत बुद्धमूर्ती, मागे स्वयंपाकाची खोली. वारा सुटला की पत्रे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाजत जायचे. अकरा म्हातारे आले होते. विहारातल्या मुख्य भिक्खूंनी, भन्तेजींनी, घरच्यांना समोर बसवून शांतपणे नियम सांगितले. "आजपासून हे तुमचे कुणी नाहीत. जुन्या नावानं, नात्यानं हाक मारायची नाही. घरची गाऱ्हाणी सांगायची नाहीत. भोजनदान घेऊन या, वंदन करा आणि निघा. अकराव्या दिवशी घरचे कपडे यांच्यासमोर ठेवून हाक मारायची. हाकेला ओ मिळाली, की माणूस तुमचा."

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. वावगं काही नव्हतंच.

न्हाव्याचा वस्तरा फिरत होता तेव्हा महेंद्र बाहेर उभा राहून कंपनीच्या फोनवर बोलत होता. तो आत आला तेव्हा डोकी, भुवया, मिशा, सगळं निघालं होतं आणि अकरा चीवरधारी म्हातारे भिंतीला ओळीनं बसले होते. आबा कोणते, हे त्याला पटकन कळेना. मग त्यानं खाली पाहिलं. तरुणपणी ऊसगाडीच्या चाकाखाली सापडून आबांच्या उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढली होती, नख गेलं होतं. तो पाय ओळीत तिसरा होता. आपल्या बापाला पायावरून ओळखावं लागलं, याचं त्याला हसूच आलं.

२

चौथ्या दिवशी ओव्हाळांच्या भोजनदानाची पाळी होती. महेंद्रच्या बायकोनं, मायानं, पहाटे उठून वरण-भात, भाकरी, वांग्याची भाजी आणि शेवयाची खीर केली होती. आबांना बीपी, म्हणून सगळ्यात मीठ बेताचं. बाराच्या आत जेवण उरकावं लागतं, त्यामुळे दोघं साडेदहालाच वर पोचली.

वाढून झाल्यावर महेंद्र ओळीतल्या एकेकापुढे गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावत गेला. "वंदामि भन्ते." वरून आवाज यायचा, "सुखी होतु." वंदन करताना मान वर करून तोंड न्याहाळत नाहीत, नजर पायांशीच ठेवायची. तिसऱ्या पायांपाशी, ओळखीच्या करंगळीपुढे, त्यानं कपाळ जरा जास्त वेळ टेकून ठेवलं. आयुष्यात आपण या माणसाच्या पाया पडत आलो ते जयंतीला, पौर्णिमेला, परीक्षेला जाताना, पण असं मनापासून कधी पडलो नव्हतो, असं त्याला वाटलं.

आणि सातव्यापुढे वाकला तेव्हा तीच करंगळी त्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होती. उजवाच पाय. शेजारच्या बोटावर चढलेली, बिननखाची.

"सुखी होतु," वरून आवाज आला.

महेंद्र उठला आणि आठव्यापुढे वाकला. शिरूर-दौंड म्हणजे उसाचा मुलूख, गाडीचं चाक काय एकट्या आबांच्याच पायावरून गेलं असेल? त्यानं मनाला बजावलं आणि मनानं ते ऐकलंही.

परत निघताना स्वयंपाकाच्या खोलीत भांडी धुवायला गेला, तर तिथं खंडू बसला होता. पायथ्याच्या वाडीतला हा माणूस शिबिराचा स्वयंपाक बघायचा. तो म्हणाला, "तुमच्यातलं जेवान समद्यांनी चाटूनपुसून खाल्लं बघा. मीठ कमी हुतं न्हवं!"

"म्हणजे?"

"पैल्या दिशी एकच जण म्हणला, मीठ कमी टाकत जा. काल समदेच म्हणाले. अकराच्या अकरा."

"वयस्कर माणसं. बीपी असणारच."

"आसंल की," खंडू म्हणाला. "पर ईचारलं ते येगयेगळं, आन् बोलले समदे त्येच. 'खंडूबा, जरा हात आखडून.' आसंच. हात आसा करून." त्यानं तीन बोटं एकत्र करून दाखवली. आबा घरी मायाला रोज तसंच करून दाखवायचे.

माया बाहेरून हाका मारत होती. महेंद्रनं भांडी पिशवीत कोंबली.

३

आठव्या दिवशी तो एकटाच गेला, दुधाची किटली घेऊन. जायचं कारण तेवढंच, असं त्यानं घरी सांगितलं. ओव्हाळांच्या घरात भूत, पिशाच्च, आत्मा, नवस, अंगात येणं असलं काही कुणी मानत नसे. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्या होत्या. त्या महेंद्रला पाठ होत्या आणि त्या त्यानं मनापासून घेतल्या होत्या. डोळ्यांनी बघावं, हातांनी मोजावं आणि मग बोलावं, हे त्याला आबांनीच शिकवलं होतं.

सभागृहात पाली गाथा चालू होत्या. तो दाराबाहेर किटली घेऊन थांबला. अकरा गळ्यांतून एकच आवाज निघत होता. रोज एकत्र म्हटलं की एकसूर होतोच, त्यात नवल नाही. मग मध्येच कुणीतरी खोकलं. दोनदा तुटक, तिसऱ्यांदा लांब, शेवटी घशातल्या घशात "हं". हा खोकला न्हावऱ्याच्या घरात पहाटे पाचला गजरासारखा वाजायचा. महेंद्रला एकदम बरं वाटलं. आबा डावीकडे आहेत म्हणजे.

थोड्या वेळानं तोच खोकला उजवीकडून आला. मग मधून. मग डावीकडच्या पार कोपऱ्यातून, शेवटच्या "हं"सकट.

वारा सुटला आणि पत्रे वाजत गेले. त्याला आत जाऊ नये असं वाटलं, आणि तरीही तो गेला, कारण दूध नासलं असतं. तो पहिल्यापुढे वाकला. मग दुसऱ्यापुढे. मग तिसऱ्यापुढे. नवव्यापर्यंत त्याचं कपाळ घामानं जमिनीला चिकटायला लागलं होतं. दहाव्याची करंगळी सरळ होती. अकराव्याचीही अजून चढली नव्हती, पण तिचं नख निळं पडलं होतं आणि ती शेजारच्या बोटाकडे झुकायला लागली होती.

निघताना त्यानं भन्तेजींना गाठलं. "भन्तेजी, सगळे… फार सारखे दिसतात आता," एवढंच तो म्हणाला.

"एकाच वेळी उठायचं, एकच जेवायचं, एकच म्हणायचं. सारखेपणा येतोच," भन्तेजी प्रसन्नपणे म्हणाले. "मीपण सुटायला लागलं की असं होतं, उपासक. चांगलंच आहे."

घरी आल्यावर ताईबाईनं विचारलं, "बरं हायत न्हवं?" तो "बरे आहेत" म्हणाला आणि मोबाईल घेऊन ओट्यावर जाऊन बसला. त्याला आबांचा फोटो हवा होता. गॅलरीत चार हजार फोटो होते. तडा गेलेले पीस होते, चलनं होती, त्याची पोरगी गौतमी शंभर तऱ्हांनी होती. आबा एकाच फोटोत सापडले. गौतमीच्या वाढदिवसाला, अगदी कडेला, एक कान आणि खांदा.

तो डोळे मिटून बापाचं तोंड आठवायला लागला. मिशी आठवली, टोपी आठवली. मधली जागा भरेना. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि भीती त्याहून जास्त वाटली.

४

अकराव्या दिवशी सकाळी डोंगरावर गाड्यांची गर्दी होती. गाठोडी घेतलेले लेक, सुना, जावई. महेंद्रच्या हातात पांढरा लेंगा-सदरा होता, मायानं इस्त्री केलेला. अकरा जण भिंतीला ओळीनं बसले होते, डोळे खाली, हात मांडीवर. आता पायांकडे बघण्यात अर्थ नव्हता, तरी त्यानं बघितलं. ते अकराही पाय आबांचे होते.

लोक पुढे व्हायला लागले. कुणाला म्हणून शंका नव्हती. दौंडचा नवनाथ नावाचा एक जण सरळ चालत गेला, चौथ्यापुढे कपडे ठेवून म्हणाला, "आप्पा!" चौथा म्हणाला, "ओ." तो उठला, मागच्या खोलीत जाऊन कपडे बदलून आला आणि लेकाच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर पडला. मग कुणी "दादा" म्हटलं, कुणी "मामा" म्हटलं. प्रत्येक हाकेला ओ मिळाली. बायका डोळे पुसत होत्या, कुणी पेढे वाटत होतं.

महेंद्र दाराशी उभा राहून एकेक चेहरा तपासत होता. बिनमिशीचे, बिनभुवयांचे, उन्हानं रापलेले अकरा चेहरे. जे काम तो दिवसातून हजार वेळा करायचा ते त्याला जमेना. हातात धरायला मूळ मापच नव्हतं. एवढ्या लोकांत उठून "माझा बाप कोणता ते मला कळत नाही" असं कोणत्या तोंडानं सांगणार? तो मागे मागे सरत राहिला आणि इतरांना पुढे जाऊ देत राहिला. दहा जणांनी आपापली माणसं ओळखली, तर राहील तो आपलाच, हा हिशेब त्याला पटला. लाजेला असा हिशेब लवकर पटतो.

शेवटी भिंतीशी एकच म्हातारा उरला. महेंद्रनं कपडे त्याच्यापुढे ठेवले. भन्तेजी बघत होते.

"आबा," तो म्हणाला.

"ओ," म्हातारा म्हणाला. आवाज आबांचा होता.

महेंद्रचं तोंड दाराकडे वळलं ते त्या "ओ"बरोबर बाहेर काहीतरी थांबलं म्हणून. उघड्या दारातून उतरणीच्या पायऱ्या दिसत होत्या. घरच्यांचे हात धरून खाली चाललेले दहाही म्हातारे जागच्या जागी उभे राहिले होते. त्यांनी माना अर्ध्या मागे वळवल्या होत्या, हाक आल्यावर माणूस वळवतो तशा. पेढ्याचा पुडा हातात असलेली एक सून म्हणाली, "काय झालं मामा? चला की." मग ते एकेक करून पुन्हा पुढे वळले आणि पायऱ्या उतरायला लागले.

५

न्हावऱ्यापर्यंत मोटरसायकलवर मागे बसलेल्याचा हात महेंद्रच्या खांद्यावर होता. "न्हावऱ्याच्या ओढ्याला पाणी हाय का रं?" मागून आवाज आला. "मोटार जळली न्हाई न्हवं?" सगळं आबांचंच बोलणं. महेंद्रला हळूहळू धीर यायला लागला. झोप कमी झालीय, शिफ्ट बदललीय, डोकं फिरलंय आपलं, असं तो स्वतःला सांगत होता.

घरी गौतमी धावत येऊन आजोबांच्या कमरेला बिलगली. म्हाताऱ्यानं टोपी न शोधता खुंटीवरून काढली, मोरीत पाय धुतले आणि तो आपल्या पाटावर येऊन बसला. ताईबाईनं भाकरी वाढली. त्याचं जेवण होईपर्यंत ती समोर बसून त्याच्याकडे बघत राहिली. मग उठून मागच्या दारानं गोठ्याकडे गेली आणि महेंद्रला खुणेनं बोलावलं.

"ह्ये ते न्हवंत."

"आई, मिशी काढलीय, भुवया काढल्यात…"

"मिशीसंगं लगीन लावलं न्हवतं मी." ती रडत नव्हती. "समदं ठावं हाय ह्यांला. खुंटी ठावी हाय, पाट ठावा हाय, माझं माह्यारचं नाव ठावं हाय. पर माझ्याकडं बघत्यात ते ईचार करून बघत्यात. तुझा बा कवा ईचार करून बघत न्हवता."

"मला कसं नाही कळलं?"

"तू बघितलंस कवा त्यांच्याकडं?" आईनं हे रागानं म्हटलं नव्हतं, म्हणून ते महेंद्रला जास्त लागलं. त्यानं गोठ्याच्या मेढीला हात टेकला आणि उरले ते आपले म्हणून घेऊन आलो, हे तिला सांगून टाकलं.

ताईबाईनं पदर कमरेला खोचला. "बाकीच्या धाजनांचं पत्तं आन," ती म्हणाली. "मी सोता येते. आन् ह्या माणसाला कुणी काय बोलू नगा. कुणाचं का आसंना, म्हातारं हाय. सांच्याला दूध द्या म्हणावं मायाला."

६

पत्ते विहाराच्या वहीत होते. पुढच्या रविवारी मायलेक निघाली. शिबिरात ओळख झाली होती, भेटून जावं म्हटलं, एवढं निमित्त पुरेसं होतं.

पहिलं घर सणसवाडीत होतं, भाड्याच्या खोल्यांच्या चाळीत. लेक कंपनीत, सून घरी. म्हातारा दारात खुर्ची टाकून बसला होता. "जय भीम, या या," म्हणून सुनेनं आत घेतलं. ताईबाई उंबऱ्याबाहेर चपला काढून आत गेली. पाच मिनिटांनी महेंद्रचं लक्ष गेलं तर म्हातारा उठून बाहेर गेला होता, आणि तिच्या उन्हात पडलेल्या चपला उचलून सावलीत, भिंतीच्या कडेला लावत होता. ताईबाईनं ते पाहिलं. चहा अर्धा ठेवून ती उठली.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर ती थांबली. "हायत," ती म्हणाली. "उनात चपला ऱ्हाऊ देत न्हवते माझ्या."

महेंद्र लगेच मागे वळला. "मग आई, मागं फिरू. त्यांच्या लेकाला फोन करून बोलावतो, बसून बोलू."

"थांब." तिनं त्याचं मनगट धरलं. "माझ्या जीवाला काय तरी निराळंच वाटतंय. दुसरं घर बघितल्याबिगर कुणाला काय बोलू नगं."

दुसरं घर दौंडला, स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीत. नवनाथचं घर. तो भरभरून बोलत होता. "आप्पा शिबिराहून आल्यापासून लई शांत झालेत बघा. पहिलं घरात आदळआपट असायची. आता सगळ्यांची चौकशी करतात." आप्पा पलंगावर बसले होते. ताईबाई दिसताच ते उठले, पंख्याखालची जागा तिला दिली आणि स्वतः पत्र्याच्या पेटीवर बसले. चहा आला. त्यांनी आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि ती बशी न विचारता, न बघता, ताईबाईपुढे सरकवली.

सेहेचाळीस वर्षं ताईबाई सकाळचा पहिला चहा तसाच प्यायली होती. तिनं बशी दोन्ही हातांनी उचलली. चहा सगळा पिऊन तिनं बशी खाली ठेवली. नवनाथ कांद्याच्या भावाबद्दल बोलत होता. आप्पा मान हलवत होते.

बाहेर पडल्यावर महेंद्रनं विचारायच्या आधीच ती म्हणाली, "हितं बी हायत."

"असं कसं असेल, आई?"

ती चालू लागली. महेंद्रच्या खिशात आणखी आठ पत्ते होते आणि त्या घडी केलेल्या कागदाला हात लावायची त्याला आता छाती होईना. घरी, न्हावऱ्याला, एक म्हातारा या वेळी गौतमीला पाढे म्हणून दाखवत असेल.

तेवढ्यात मागून चपलांचा आवाज आला. नवनाथची आई होती, सोजरबाई. घरात मघाशी चहा आणून ठेवून ती चुलीशी जाऊन बसली होती. डोंगरावर न्यायला ती आली नव्हती, गुडघ्यांमुळे. आता ती धापा टाकत ताईबाईजवळ आली, एकदा घराकडे वळून बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाली,

"ताई, नवनाथाला बोलू नगा. त्यो सुखात हाय. पर खरं सांगा मला. तुमच्या घरात जे आल्यात…" तिनं ताईबाईचा दंड धरला. "रागीट हायत का वो? चिडून ताट ढकललं, तर मागनं गपचिप यिऊन पाणी भरून ठिवत्यात का? त्ये माझं हायत का?"

ताईबाईनं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. काल सांजेला न्हावऱ्याच्या मोरीतला रिकामा हंडा कुणी भरून ठेवला होता, ते मायाला कळलं नव्हतं आणि ताईबाईनंही विचारलं नव्हतं. पाठीमागून, घरातून, कुणीतरी खोकलं.

"हायत," ताईबाई म्हणाली. "थोडं."